मोटारीची सीट घरच्या घरी चामड्याने मढवताना
(रत्नागिरी येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने यंदाच्या मेळाव्यात हाताच्या कामावर बोलण्यासाठी काही मंडळींना निमंत्रण दिले आणि त्यांत माझे नाव घातले, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी स्पर्धा परीक्षा, बँकेचे कर्ज, संगणक अशा मोठ्या विषयांवर मार्गदर्शन केले. माझा विषय त्या मानाने लहान आहे. मोटारीची फाटलेली सीट घरच्या पडवीत बसून चामड्याने कशी मढवावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी या धंद्यातला कारागीर नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस आहे. परंतु एक गाडी मी माझ्या हातांनी मढवली, तीत चुका केल्या, नुकसान सोसले. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत, एवढ्यासाठी उभा आहे.

आणखी एक कारण आहे. हे काम करताना माझ्या घरात एक प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न केवळ माझ्या घरातला आहे असे मला वाटत नाही. त्याविषयी ओघाने सांगेन.

गाडी होती मारुती 800, 1996 सालची. 2003 साली मी ती एका परिचितांकडून घेतली. ही मोटार 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत आपल्यासारख्या कित्येक घरांची ती पहिली मोटार ठरली. माझ्याही घराची ती पहिलीच. इंजिन ठीक होते, पण सीटची दशा पाहवत नव्हती. चालकाच्या सीटची उजवी कड फाटून आतला फोम पिवळा होऊन बाहेर आला होता. मागच्या सीटचे रेक्झिन कडक होऊन तडकले होते आणि बसणाऱ्याच्या कपड्यांत अडकत होते.

आपल्या रत्नागिरीत सीट लवकर खराब होते, त्याला कारणे आहेत. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर माणूस ओल्या कपड्यांनी, ओली छत्री घेऊन गाडीत बसतो. ती ओल फोममध्ये उतरते आणि बाहेर पडत नाही. मांडवी, भाट्ये, मिऱ्या या बाजूला समुद्राची खारी हवा सीटखालच्या तारा आणि बोल्ट खाते. पुढे मार्चपासून ऊन लागले की बंद गाडी तव्यासारखी तापते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात एक तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. उन्हाने तो हळूहळू उडून जातो, रेक्झिन ताठ होते आणि मग तडे जातात.

चामड्याचेही ऊन-पावसाने नुकसान होते, हे आधीच सांगतो. चामडे म्हणजे जन्मभराची हमी, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मात्र राखले तर ते रेक्झिनपेक्षा पुष्कळ अधिक टिकते, घाम शोषते आणि उन्हात अंगाला चिकटत नाही. मी शहरातल्या दुकानात चौकशी केली, तेव्हा सांगितलेली मजुरी माझ्या पगाराला झेपणारी नव्हती. घरात शिवणयंत्र होते, आईची गोधडीची सुई होती आणि डिसेंबरची कोरडी हवा होती. 2004 च्या डिसेंबरात मी काम हाती घेतले.

प्रथम चामड्याच्या खरेदीविषयी. मुंबईत धारावीला सायन-वांद्रे लिंक रोडवर चामड्याच्या वस्तूंची दुकाने आहेत, त्यांच्या मागच्या गल्ल्यांत तयार चामडे मिळते. चेंबूर-कुर्ल्याकडील ठक्कर बाप्पा कॉलनीतही बूट-चपला बनवणारी वस्ती मोठी आहे. माझा एक चुलतभाऊ मुंबईला असतो. त्याला बरोबर घेऊन मी गेलो. तयार चामडे चौरस फुटावर विकतात. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर त्याचे माप लिहिलेले असते. ते वाचावे आणि आपल्या टेपने अंदाजही घ्यावा.

चामडे ओळखायचे कसे? तुकडा उलटा करून पाहावा. पाठीमागे कापड किंवा जाळी दिसली तर ते रेक्झिन आहे, दुकानदार त्याला कितीही गोड नाव देवो. खऱ्या चामड्याची पाठ मखमलीसारखी लवदार असते. चामड्याचा भुसा थापून केलेले पत्रेही बाजारात येतात. ते स्वस्त असतात, पण दोन-तीन वर्षांत त्यांचे पोपडे निघतात. सीटसाठी एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचे, वरून रंगाचा पक्का हात दिलेले चामडे घ्यावे.

कमावण्याची पद्धतही विचारून घ्यावी. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात. ते पायाला उत्तम, परंतु मोटारीच्या सीटला ताठ पडते आणि पाणी लागले की डाग धरते. सीटसाठी क्रोमवर कमावलेले चामडे हवे. ते मऊ असते आणि उष्णता सोसते. उकळत्या पाण्यात घातले तरी चांगले कमावलेले क्रोम चामडे सहसा आकसत नाही. सालीवर कमावलेले त्याआधीच आकसते.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने गाईच्या हत्येला बंदी आली आणि मार्च 2015 मध्ये ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. म्हशीचे चामडे मिळते आणि सीटला ते चालते. त्याचा पोत थोडा जाडसर असतो, एवढेच. खरेदीचे पक्के बिल घ्या आणि प्रवासात ते जवळ ठेवा. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना भर रस्त्यात कसे मारले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. चामड्याची सीट मिरवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, चामडे काढणाऱ्याला मात्र झोडपतात. ही गोष्ट चामडे विकत घेणाऱ्याने विसरू नये.

आता घरातला प्रश्न सांगतो. चामड्याची गुंडाळी घेऊन मी रातराणीने रत्नागिरीस आलो. पडवीत ती सोडली, तेव्हा वास घरभर पसरला. आई तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. ती आतून आली, पाहिले आणि म्हणाली, "तुज्या आज्यानं जे सोडलान, ते तू पैसं देऊन घरात आनलास?"

मला उत्तर सुचले नाही. आमचे आजोबा तरुण असताना गावातली मेलेली ढोरे ओढून नेणे हे आमच्या वाडीचे काम होते. त्या कामाला मजुरी नव्हती आणि नाही म्हणण्याची मुभाही नव्हती. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, ही घाणेरडी कामे सोडा, असे निक्षून सांगितले. त्यानंतर कोकणात वाड्यावाड्यांनी ते काम टाकले आणि त्यापायी अनेक गावांत बहिष्कार सोसले. आमच्या वाडीनेही सोसला. आजोबा ती हकिकत सुनेला सांगत. आई ती आम्हांला सांगे. आणि मी कौतुकाने चामडे घेऊन आलो होतो.

दोन दिवस गुंडाळी तशीच पडली. तिसऱ्या दिवशी मी आईला म्हटले, "आजोबांनी सोडलं ते फुकटचं आणि सक्तीचं काम. हे मी माझ्या मर्जीनं करतोय, माझ्याच गाडीसाठी." आई म्हणाली, "कर. पन माज्यासमोर नको." मग मी पडवीच्या टोकाला पडदा बांधला आणि कामाला लागलो. पुढचे नंतर सांगतो. आधी काम कसे केले ते ऐका.

पहिली पायरी सीट बाहेर काढण्याची. बहुतेक मोटारींत पुढची सीट चार बोल्टवर बसवलेली असते. सीट मागे सरकवली की पुढचे दोन बोल्ट दिसतात, पुढे सरकवली की मागचे दोन. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. जोर केला आणि बोल्ट तुटला तर ते काम गॅरेजवाल्याचे होते.

येथे एक इशारा देतो आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. माझी गाडी जुनी होती, तिच्या सीटमध्ये फोम आणि लोखंड यांखेरीज काही नव्हते. आजच्या गाड्या तशा नाहीत. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग आणि पट्टा न बांधल्यास वाजणारी घंटी सक्तीची झाली. त्या घंटीसाठी शेजारच्या सीटमध्ये वजन ओळखणारी चकती असते. काही गाड्यांत पाठीच्या बाहेरच्या कडेला बाजूची एअरबॅग बसवलेली असते. तेथे 'एअरबॅग' अशी चिठ्ठी शिवलेली दिसेल. त्या कडेची शिवण अपघाताच्या वेळी फाटून पिशवी बाहेर यावी अशीच मुद्दाम केलेली असते. तुम्ही तेथे पक्क्या दोऱ्याने जाड चामडे शिवलेत, तर पिशवी अडकेल आणि माणूस जाईल. तेव्हा अशा गाडीची सीट घरी उघडू नका आणि तिच्यावर कडा झाकणारे कव्हरही चढवू नका. जुन्या, साध्या गाडीवर, रिक्षावर किंवा मागच्या बाकावर हात बसवा.

दुसरी पायरी जुने कव्हर उतरवण्याची. कव्हर आत तारेला बारीक कड्यांनी अडकवलेले असते. पक्कडीने कड्या उघडाव्या, तारा फेकू नयेत, पुन्हा लागतात. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. त्या वेळी माझ्याकडे तशी सोय नव्हती, मी वहीत चित्रे काढली. प्रत्येक तुकड्यावर उसवण्याआधी खडूने आकडा घालावा आणि शेजारच्या तुकड्याशी तो कोठे जुळतो तेथे आडवी रेघ मारावी.

मित्रहो, जुने कव्हर हाच तुमचा गुरू. कोणता तुकडा आधी जोडला, कोठे दुहेरी शिवण आहे, कोठे पट्टी घातली आहे, हे सारे त्यात लिहिलेले असते. ते फाडून टाकू नका, सावकाश उसवा. दोन सारख्या सीट असतील तर एकच उसवा. दुसरी पाहण्यासाठी जशीच्या तशी ठेवा.

मात्र हा गुरू एका बाबतीत फसवतो. आपल्याकडे चालक उजव्या दाराने चढतो-उतरतो. त्यामुळे त्याच्या सीटची उजवी कड ताणलेली, चेपलेली असते. तिचे माप घेतले तर नवे कव्हर तेथे सैल होईल. म्हणून डाव्या, कमी झिजलेल्या अर्ध्या भागाचे माप घ्यावे आणि कागद उलटा करून उजवा भाग कापावा. आतला फोम बसला असेल तर तोही आधी भरून घ्यावा. खचलेल्या गादीवर कितीही भारी चामडे घातले तरी चार दिवसांत सुरकुत्या येतात. जुन्या फियाट, अँबॅसिडरच्या सीटमध्ये स्प्रिंगवर काथ्याची गादी असे. काथ्या काय असतो ते आपल्या नारळाच्या मुलखात सांगायला नको. अशी गादी कुजली असेल तर तेवढीच बदलावी.

तिसरी पायरी कागदी नमुन्याची. जाड खाकी कागदावर किंवा जुन्या कॅलेंडरावर प्रत्येक तुकड्याची आकृती काढावी, शिवणीसाठी चहूबाजूंनी अर्धा इंच सोडावा आणि जुळणीच्या खाचा कराव्या. मग थेट चामड्याला कात्री लावू नये. आधी मांजरपाटाचे कव्हर शिवून सीटवर चढवून पाहावे. कापड चुकले तर काही रुपये जातात, चामडे चुकले तर पगार जातो.

माझा पगार गेला तो येथेच. चामड्यावर आखणी पाठीच्या बाजूने करतात. पाठीवर कागद ठेवला की डाव्याचा उजवा होतो, हे मला कळत होते. तरीही रात्री दिव्याखाली, घाईत, मी चालकाच्या सीटच्या दोन्ही कडा डाव्याच कापल्या. सकाळी जोडायला घेतल्या तेव्हा ध्यानात आले. शिल्लक चामड्यातून तेवढा अखंड तुकडा निघेना. पुन्हा मुंबई गाठावी लागली आणि दुसऱ्या खेपेला रंग किंचित वेगळा मिळाला. तो फरक त्या गाडीत शेवटपर्यंत दिसत राहिला. तेव्हा तुम्ही कागदावर ठळक अक्षरांत 'डावा, वरची बाजू' असे लिहा, सगळे तुकडे चामड्यावर एकदम मांडून पाहा आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात कापा. कापताना चामड्याची घडी घालून दोन तुकडे एकदम कापू नका.

चामडे म्हणजे ताग्यातले कापड नव्हे. पाठीच्या कण्याजवळ ते घट्ट असते, पोटाकडे सैल आणि ताणणारे असते. बसण्याचा आणि टेकण्याचा भाग पाठीकडून कापावा. न दिसणाऱ्या, न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या पोटाकडून कापाव्या. आधी तुकडा उजेडात धरून जखमा, गोचिडांचे डाग, काट्यांचे ओरखडे शोधावे आणि त्यांभोवती खडूने गोल करावा. ते टाळून कापावे लागते, म्हणून चौथा हिस्सा वाया जातो असे धरूनच खरेदी करावी. खर्च वाचवण्याचा एक सरळ मार्ग आहे. अंग टेकते तेवढ्याच भागाला चामडे आणि बाजूंना, पाठीमागे त्याच रंगाचे रेक्झिन. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतही बहुधा असेच असते. माझ्या लहान गाडीला या हिशेबाने साठ चौरस फुटांच्या आसपास चामडे लागले.

चौथी पायरी शिवणाची. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती दोरा आपल्या दमट हवेत कुजतो. सुई चामड्याची वेगळी मिळते, तिचे टोक पात्यासारखे असते. टाका मोठा ठेवावा, इंचाला सहा-सात. बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडे त्याच रेषेवर फाटते. भोक एकदा पडले की बुजत नाही, म्हणून उसवून पुन्हा शिवणे येथे नाही. टाचण्यासुद्धा शिवणीच्या बाहेर जाणाऱ्या कडेतच टोचाव्या.

घरच्या साध्या यंत्रावर दोन पदर जातात. चामडे पायाखाली चिकटते, त्यासाठी वर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा. मोटर लावू नये, चाक हाताने फिरवावे. जेथे तीन-चार पदर एकत्र येतात तेथे यंत्र हट्ट धरते. तेथे रापीने कडा आतून तासून पातळ कराव्या, किंवा आरीने भोके पाडून दोन सुयांनी हाताने शिवावे. रापी आणि आरी मी आमच्या चर्मकार बांधवांपैकी एका वृद्ध कारागिरांकडून मागून आणली. रापी कशी धरावी हे त्यांनी मला अर्धा तास बसवून शिकवले. मी चुकलो की ते हसत आणि म्हणत, "साहेब, जोर हातात नसतो, धारेत असतो." त्यांनी पैसे घेतले नाहीत. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या आहे, त्यांच्याकडे आपण कधी शिकायला गेलो नव्हतो, हेही त्या दिवशी जाणवले.

शेवटची पायरी चढवण्याची. शिवलेले कव्हर घटकाभर सावलीच्या उबेत ठेवून मऊ होऊ द्यावे. फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढली तर कव्हर सहज सरकते. नंतर ती ओढून काढावी, नाहीतर ओल आत कोंडेल. मधल्या तारा आधी अडकवाव्या, मग कडा आणि सर्वांत शेवटी मागची बाजू. सीट गाडीत बसवताना चारही बोल्ट आधी हाताने धरवावे आणि मग आवळावे. सीट पुढे-मागे सरकवून खटका बसतो की नाही हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. ब्रेक मारल्यावर सीट सरकली तर सुंदर शिवणीचा काय उपयोग?

माझे काम मार्चच्या अखेरीस संपले. पुढे आला 2005 चा पावसाळा. त्या जुलैत महाड-पोलादपूरकडे दरडी कोसळून माणसे गेली, तो पावसाळा कोकण विसरलेले नाही. गाडी महिनाभर उभी होती. दार उघडले तो सीटवर पांढरी बुरशी. मी घाबरून खोबरेल तेल चोळले. ही माझी दुसरी चूक. खोबरेल तेल खवट होते, कपड्यांना डाग पडतात आणि ओल धरून बुरशी पुन्हा येते. बुरशी आली तर दारे उघडून कोरड्या फडक्याने बाहेरच्या बाजूला झटकावी, किंचित ओलसर फडक्याने पुसावी आणि वाऱ्यावर, सावलीत सुकवावी. उन्हात चामडे वाळवू नये. चामड्याचे मलम बाजारात मिळते, ते पावसाळ्याआधी आणि नंतर थोडेसे लावावे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी उघडून हवा खेळू द्यावी, हा सर्वांत स्वस्त उपाय.

आता तरुणांसाठी दोन शब्द. मी पडद्याआड काम करीत असता शेजारच्या वाडीतला बारावी झालेला एक मुलगा रोज येऊन बसे. प्रथम पाहिले, मग दोरा ओवून देऊ लागला, मग माझ्यापेक्षा सरळ शिवू लागला. पुढे तो शहरात एका सीटवाल्याकडे दीड वर्ष राहिला. आज तो आपल्याच पडवीत रिक्षाच्या आणि वडापच्या गाड्यांच्या सीट शिवतो. रिक्षाची सीट शिकायला सोपी, तुकडे सरळ असतात आणि रेक्झिन चालते. हात बसला की मग चामडे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून आपल्या समाजातील होतकरूंसाठी कर्जाच्या योजना राबवते. यंत्रासाठी तेथे जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. नोकरी मिळेतो हात रिकामा ठेवू नका, आणि नोकरी मिळाली तरी आलेली कला विसरू नका.

राहिली आईची गोष्ट. एके दुपारी मी हाताने शिवत असताना ती पडद्याशी येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "दोरा सारका ओढ. एक टाका घट, एक ढिला, गोधडी आसती तर पयल्या धुन्यात फाटली आसती." एवढे बोलून आत गेली. मी आधीचे टाके पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. त्यानंतर ती रोज येऊन उभी राही, पण चामड्याला तिने कधी हात लावला नाही.

गाडी तयार झाल्यावर आम्ही तिला घेऊन निघालो. पुढच्या सीटवर बसण्याआधी तिने पिशवीतून टॉवेल काढला, सीटवर पसरला आणि मग बसली. पुढे ती गेली तोपर्यंत, जेव्हा जेव्हा त्या गाडीत बसली, तेव्हा टॉवेल पसरूनच बसली. सुरुवातीला मला वाईट वाटे. माझ्या मुलांनी एकदोनदा तिची थट्टाही केली, तेव्हा मी त्यांना रागावलो. कारण तो टॉवेल पसरण्याचा तिला अधिकार होता. ज्या कामासाठी माझ्या आजोबांना बोलावले जाई आणि ज्याला नाही म्हटल्याबद्दल वाडीचे पाणी तोडले गेले, त्या कामाचा वास ती विसरली नव्हती. आणि मी ते चामडे मर्जीने हाती घेऊ शकलो, तेही त्या नकारामुळेच. सक्ती मोडली म्हणून निवड आली. माझे शिवणे आणि तिचे टॉवेल पसरणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे आज मला वाटते.

तेव्हा तरुण मित्रांनो, कोणतेही हाताचे काम शिका. चामडे असो, लोखंड असो, लाकूड असो. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. हे काम मी माझ्या मर्जीने करतो आहे का? आणि याचा पुरा मोबदला मला मिळतो आहे का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर त्या कामात कमीपणा नाही. उत्तर 'नाही' असेल, तर आपल्या आजोबांनी काय केले ते आठवा.

ज्यांना रापी धरून पाहावयाची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. कागदी नमुनेही मी बरोबर आणले आहेत. त्यांतला एक दोनदा डावा कापलेला आहे. तो मी मुद्दाम जपून ठेवला आहे.